यंत्राने सांगितलेलं कारण

कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्णयासोबत कारणंही दिली, की निर्णय तपासून झाला असं अनेकांना वाटतं. खरी तपासणी तिथून सुरू होते.

1990च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला मृत्यूचा धोका जास्त, हे संशोधक जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवत होते. संगणकाने शोधलेला एक नियम चक्रावून टाकणारा होता: दमा असेल तर धोका कमी! नोंदी खोट्या नव्हत्या. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की थेट अतिदक्षता विभागात हलवत आणि तिथल्या उपचारांनी तो वाचे. संगणकाला दिसला तो फक्त शेवट. त्या नियमाच्या भरवशावर अशा रुग्णांना घरी पाठवलं असतं, तर जिवावर बेतलं असतं. ते कारण मॉडेलबद्दल, म्हणजे संगणक नोंदींवरून जे शिकला त्याबद्दल, खरं होतं; आजाराबद्दल नव्हतं. या विषयात मला हाच फरक सगळ्यात मोलाचा वाटतो.

त्याच नोंदींवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे आतले नियम माणसाला वाचता न येणारं मॉडेल, अधिक अचूक होतं. पण त्याने असं आणखी काय शिकून ठेवलंय हे कळेना, म्हणून ते रुग्णांसाठी वापरलं नाही. मग अचूकतेसाठी अपारदर्शकता सोसावीच लागते का? नेहमीच नाही. 2015 मध्ये संशोधक रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्याच नोंदींवर माणसाला वाचता येईल असं मॉडेल बांधलं. ते अपारदर्शक पद्धतींच्या तोडीस तोड ठरलं.

आणखी एक गैरसमज आकड्यांचा. ‘शॅप’सारखी पद्धत (तिचं मूळ गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांच्या 1953च्या गणितात आहे) कर्जासारख्या निर्णयात उत्पन्नाचा वाटा किती, वयाचा किती, हे मांडते. हे आकडे पक्के समजले जातात. पण मॉडेल शिकतं ते हाती लागलेल्या नमुन्यावर; नमुना बदलला की वाटा बदलतो, कधी घटकांचा क्रमही. शिक्षण आणि पगार एकमेकांत गुंतलेले असले, तर श्रेय कुणाच्या नावावर टाकायचं हेही पद्धतीनुसार ठरतं. 2007 मध्ये कॅरोलिन स्ट्रोबल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रँडम फॉरेस्ट या अनेक निर्णयवृक्षांच्या मॉडेलमध्ये घटकांचं महत्त्व मोजणारी प्रचलित मोजमापं जास्त प्रकारांत विभागलेल्या घटकाला, तो निरुपयोगी असला तरी, झुकतं माप देतात.

संख्याशास्त्रज्ञ इथे उपयोगी पडतो. तो नोंदी पुन्हापुन्हा निवडून मॉडेल नव्याने शिकवतो, क्रम कितीदा टिकतो ते मोजतो. एखादा घटक वगळून, मॉडेलने न पाहिलेल्या नोंदींवर चूक किती वाढते ते पाहतो आणि प्रत्येक वाट्यासोबत अनिश्चिततेची मर्यादा देतो. त्या मर्यादेत शून्यही येत असेल, तर त्या घटकाला कारण म्हणून पुढे करायला पुरावा अपुरा आहे.