कमेंट टाकली, पुढे काय?

एका मराठी पाककृतींच्या यूट्यूब चॅनलवर भरल्या वांग्यांचा व्हिडिओ पडला आहे असं धरू. दुपारपर्यंत खाली कमेंट्स जमायला लागतात. ‘मस्त ताई’. ‘गूळ किती घालायचा?’ ‘आमच्याकडे चिंच नाही, आमसूल घालतात.’ ‘चव काय असणार, दिसतंच आहे.’ ‘वांगी राहू द्या, बाई बघा.’ आणि चॅनलचाच फोटो लावलेल्या कुठल्याशा खात्यावरून, ‘अभिनंदन! तुम्हाला बक्षीस लागलंय, या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा.’ यातली कुठली दिसणार, कुठली अडणार आणि कुठली कायमची जाणार, हे तीन ठिकाणी ठरतं: यूट्यूबच्या यंत्रणेत, चॅनलच्या सेटिंगमध्ये आणि शेवटी कुणीतरी फोन हातात घेऊन बसलेल्या माणसापाशी.

पहिला टप्पा आपल्या हातातला नाही. प्रेक्षकाने बटण दाबलं की मजकूर आधी यूट्यूबच्या यंत्रणेखालून जातो. तीच ओळ शंभर व्हिडिओंखाली चिकटवलेली आहे का, लिंक कुठली आहे, असल्या गोष्टी ती बघते. कंपनी दर तिमाहीला जो अहवाल काढते, त्यात काढून टाकलेल्या कमेंट्सचा आकडा कोटींत असतो. त्यातला मोठा वाटा स्पॅमचा असतो आणि बहुतेक पकड यंत्राचीच असते. म्हणजे आपल्याला जो कचरा दिसतो तो गाळून उरलेला असतो.

दुसरा टप्पा चॅनलवाल्याचा. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये कमेंट्स सुरू, थांबवलेल्या किंवा बंद अशा ठेवता येतात. थांबवल्या तर जुन्या दिसत राहतात, नव्या येत नाहीत. एखाद्या व्हिडिओवर अचानक झुंड चालून आली की याचा उपयोग होतो. सुरू ठेवल्या तर गाळणी किती बारीक ठेवायची ते ठरवायचं. काहीच रोखू नका, संशयास्पद तेवढं रोखा, जरा जास्त रोखा किंवा सगळंच रोखा. रोखलेल्या कमेंट्स तपासणीच्या रांगेत जास्तीत जास्त ६० दिवस थांबतात. तेवढ्यात कुणी पाहिल्या नाहीत तर त्या दिसायच्या राहूनच जातात.

नवं चॅनल काढणारे बरेचजण घाबरून ‘सगळंच रोखा’ निवडतात. माझं मत विचाराल तर हे टाळा. गुळाचं प्रमाण विचारणारी बाई गॅससमोर उभी असते. तिचा प्रश्न रात्री मंजूर झाला तर वांगी केव्हाच ताटात गेलेली असतात. शिवाय आपली कमेंट दिसत नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा लिहायच्या भानगडीत पडत नाही. लिंक असलेल्या कमेंट्स रोखण्याची वेगळी सोय आहे, ती मात्र पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी. पाककृतीखाली लिंक टाकायचं प्रामाणिक कारण क्वचितच कुणाकडे असतं.

यानंतर येते रोखायच्या शब्दांची यादी, आणि मराठी चॅनलचं खरं काम इथे सुरू होतं. यादीतल्या शब्दाशी जुळणारी कमेंट आपोआप बाजूला पडते. इंग्रजीत काम सोपं, कारण तिथे शब्द फारसा रूप बदलत नाही. मराठीत साधा ‘गाढव’ घ्या. कमेंटमध्ये तो ‘गाढवा’, ‘गाढवाने’, ‘गाढवांनो’ असा येतो. वर निम्मे लोक मराठी रोमन लिपीत लिहितात. तिथे याचीच आणखी तीनचार स्पेलिंगं. मग कुणी मधे टिंबं घालतो, कुणी अक्षरं सुटी लिहितो. गाढव ही तर सभ्य शिवी झाली. खरी यादी करायला बसलात की आपल्या भाषेची श्रीमंती कळते! ही यादी एका बैठकीत पुरी होत नाही. रोज जे निसटलं ते संध्याकाळी तिच्यात भरायचं, देवनागरीत आणि रोमनमध्येही.

उलट बाजूने यादी आंधळीही असते. ‘माल’ हा शब्द बाईबद्दल कोणत्या अर्थाने वापरतात ते सांगायला नको, म्हणून तो यादीत घातला, तर ‘ताई, मसाल्याचा माल कुठून भरता?’ हा प्रश्नही अडकतो. असे दुहेरी शब्द यादीत ठेवायला हरकत नाही, पण मग रांग रोज बघायची तयारी हवी.

यूट्यूबची स्वतःची समजही सगळ्या भाषांत सारखी नाही. वारंवार घाण लिहिणाऱ्याला इशारा देऊन २४ तासांपर्यंत कमेंट करू न देण्याची सोय २०२२ मध्ये आली, तेव्हा ती इंग्रजी कमेंट्सपुरतीच होती. म्हणून तिसरा टप्पा, माणूस, मराठी चॅनलला सुटत नाही.

चॅनलचा मालक आपल्या विश्वासातल्या माणसाला मॉडरेटर नेमू शकतो. त्यासाठी पासवर्ड द्यावा लागत नाही, आणि देऊही नये. बऱ्याच घरगुती चॅनलांवर हे काम भाचा, मुलगी किंवा धाकटी जाऊ करते. माझा सल्ला असा की व्हिडिओत जी दिसते तिनेच आपल्याबद्दलच्या घाणेरड्या कमेंट्स वाचत बसू नये. ते काम दुसऱ्याने करावं आणि तिच्यापर्यंत प्रश्न आणि टीका तेवढी पोचवावी.

टीका पोचवावीच. ‘आमच्याकडे आमसूल घालतात’ ही शिवी नाही, माहिती आहे. ‘चव काय असणार’ हे तिरकस आहे, तरी पदार्थाबद्दल आहे; राहू द्यावं. कोल्हापूरकर आणि खानदेशी मंडळी मसाल्यावरून एकमेकांना चार शब्द सुनावतात, त्यात कात्री घेऊन उतरायचं कारण नाही. मजकूर पदार्थावरून सरकून माणसावर गेला की मात्र काढायचा.

ही रेषा दिसते तितकी सरळ नाही. ‘ताई, आडनाव काय तुमचं?’ या कमेंटमध्ये रोखण्याजोगा एकही शब्द नाही. यंत्राच्या दृष्टीने ती गोड आहे. पण तिच्याखाली ‘वाटलंच’ असं उत्तर पडतं, मग कुणीतरी ‘यांच्यात असंच करतात’ म्हणतो, आणि दहाव्या उत्तरापर्यंत भरल्या वांग्यांचा जातीवरून निकाल लागलेला असतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत पुढचं सगळं दिसतं. अशी मूळ कमेंट काढली की खालची उत्तरंही तिच्याबरोबर जातात, म्हणून ती लवकर काढलेली बरी. जातिवाचक शिवीगाळ किंवा धमकी असेल तर आधी स्क्रीनशॉट, मग कात्री. तक्रार करायची वेळ आली तर हातात पुरावा हवा.

वारंवार त्रास देणाऱ्याशी वाद घालू नये. त्याला चॅनलवरून लपवता येतं. लपवल्याची सूचना त्याला जात नाही. त्याचं लिहिलेलं इतरांना दिसत नाही एवढंच.

तोतया बक्षीसवाल्यांची जात वेगळी. ते चॅनलचा फोटो आणि जवळजवळ तेच नाव लावून प्रेक्षकांनाच उत्तरं देतात. २०२२ मध्ये यूट्यूबने चॅनलच्या नावात चित्रविचित्र चिन्हं वापरण्यावर मर्यादा आणल्या आणि सबस्क्राइबरची संख्या लपवण्याची सोय बंद केली, ती यांच्यामुळेच. खऱ्या चॅनलच्या उत्तरात नावामागे वेगळ्या रंगाची पट्टी असते, तोतयाला ती मिळत नाही. सगळ्यात वर एक कमेंट पिन करता येते. तिथे गुळाचं प्रमाण लिहा आणि खाली ‘आम्ही कुणालाही बक्षिसासाठी नंबर देत नाही’ हेही लिहा. निम्मे प्रश्न आणि बरीचशी फसवणूक तिथेच थांबते.

मुलांच्या बाबतीत नियम कडक आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये लहान मुलांच्या व्हिडिओंखाली विकृत लोक काय लिहितात हे उघड झालं, आणि यूट्यूबने लहान मुलं दिसणाऱ्या असंख्य व्हिडिओंवरच्या कमेंट्स बंद केल्या. पुढे अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्यावरून यूट्यूबला १७ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली आणि जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी’ अशी खूण केलेल्या व्हिडिओंवर कमेंट्स येतच नाहीत. लेकीला घेऊन लाडू वळले आणि कमेंट्स गायब झाल्या, तर कारण बहुधा हेच.

प्रेक्षकाने लिहिलेल्याची जबाबदारी कुणाची? ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेसबुक पानं चालवणाऱ्या वृत्तसंस्थांना तिथल्या कमेंट्सचे प्रकाशक ठरवलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनबद्दल वेगळी भूमिका घेतली: समान हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन दोषी नाही. तो निकाल यूट्यूबबद्दल नव्हता, तेव्हा त्यावर फार विसंबू नये. आणि कुणी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘६६अ लावतो’ म्हणून धमकावलं तर घाबरू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून आणि ती लाइक केल्यावरून अटक झाली, त्यातून पुढे वाद पेटला आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं.

बक्षिसाच्या नावाखाली कुणाचे पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. आणि नुसते वाचक असाल तरी घाण कमेंटच्या शेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवून ती रिपोर्ट करा. रिपोर्ट कुणी केली हे लिहिणाऱ्याला कळत नाही.