एक गुंठा मैदानासाठी



लागण, बेणे, खताचे हप्ते यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. आज विषय थोडा वेगळा, पण घरचाच आहे. तो म्हणजे आपल्या पोरांच्या खेळण्याचा.

भाजे परिसरात शिवारफेरीला गेलो की वर दोन हजार वर्षांची लेणी आणि मागे लोहगड-विसापूर दिसतात. २०२५ साली लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. सुटीला पुण्या-मुंबईची मुले मळवलीला उतरून भाज्यावरून गड चढतात. गडाच्या कुशीत वाढलेली आपली पोरे मात्र पारावर मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसतात. पूर्वी शाळेला पायी जाणे, विहिरीत पोहणे, सूरपारंब्या खेळणे यांतून शरीर आपोआप शिकत होते. आता दारात मोटारसायकल आहे, बांधावर ट्रॅक्टर आहे. सोय झाली ती चांगलीच झाली, पण शरीराची शाळा मात्र बंद पडली.

अक्षरओळख असते तशी शरीराचीही ओळख असते. धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे ही तिची बाराखडी. जाणकार तिला शारीरिक साक्षरता म्हणतात. आपल्याला हे जमते असा भरवसा आणि खेळाची गोडी, या दोन गोष्टीही तिच्यातच आल्या.

कोणी म्हणेल, पोरगं शेतात राबतंय की! खरे आहे. पण खुरप्याने एकच हालचाल होते, आणि कामात सक्ती असते. सक्तीतून गोडी लागत नाही.

ऊसवाल्याला हे समजायला अवघड नाही. लागणीनंतर दीड ते चार महिन्यांत फुटवे येतात. ती वेळ हुकली तर नंतर युरियाची पोती ओतली तरी फुटव्यांची संख्या भरून निघत नाही. पोरांचेही बरेचसे तसेच आहे. लहानपणी अंगात मुरलेले पुढे टिकते. मोठेपणी शिकता येते, पण कष्ट दुप्पट पडतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. २०१६ सालच्या आकड्यांनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या १०० मुलांपैकी ८१ जणांची तेवढी होत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ होते, मुलांत ७८. आपल्याकडच्या मुलींना विचारले तर त्या खाली बघून सांगतात, आठवी-नववीनंतर खेळ सुटला. संध्याकाळी घरचे काम असते, मैदान पोरांनी धरलेले असते, वर लोक काय म्हणतील ही धास्ती.

ही धास्ती सोडायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली आणि मुले, दोन्ही संघ जिंकले. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. त्याआधी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या घरचे. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. गाव पाठीशी उभे राहिले की असे घडते.

आता हिशेब बघा. महिला कबड्डीचे मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे एक गुंठाही नाही. पुरुषांचे १३ बाय १०, सव्वा गुंठ्याच्या आसपास. खो-खोला २७ बाय १६ मीटर, सव्वाचार गुंठे. एकरी ४० टन ऊस धरला तर एका गुंठ्यात एक टन येतो. वर्षाला एका टनावर पाणी सोडले तर गावच्या पोरींना हक्काचे मैदान मिळते.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. गावठाणात जागा असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. नसेल तर दोघा-तिघांनी मिळून बांधालगतचा तुकडा सोडा. मुलींची वेळ ठरवून द्या आणि त्या वेळेला घरचे काम सांगू नका. गावातल्या जुन्या खेळाडूला शिकवायला बोलवा.

उसाला वेळेवर पाणी देता, तशी पोरांना रोज एक तासाची पाळी द्या.