खताचं जहाज आणि गोठलेली खाती

1975 च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या बोर्दो बंदरात ‘मारेवा’ नावाच्या जहाजात खत भरलं जात होतं. माल भारतात यायचा होता. एका कंपनीनं ते जहाज मालकाकडून रोजच्या 3,850 डॉलर भाड्यानं घेतलं होतं आणि त्या फेरीसाठी पुढे भारत सरकारला दिलं होतं. लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयानं नव्वद टक्के भाडं चोख मोजलं. 1,74,000 पौंड लंडनमधल्याच एका बँकेत कंपनीच्या नावावर जमा झाले. त्यातून मालकाला दोन हप्ते मिळाले, 12 जूनचा तिसरा मात्र कंपनीनं थकवला. पैसे खात्यात दिसत होते. मालकानं दावा लावला तरी निकाल लागेपर्यंत ते तिथे राहतील, याचा भरवसा नव्हता.

निकालाआधी ऋणकोच्या पैशाला हात लावायचा नाही, हा इंग्लिश न्यायालयांचा जुना शिरस्ता. त्याला पहिला तडा त्याच मे महिन्यात एका जपानी जहाजकंपनीच्या प्रकरणात गेला होता. 23 जूनला न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी तो तडा आणखी रुंद केला. समोरच्याला न बोलावताच हुकूम दिला : या खात्यातला पैसा देशाबाहेर हलवायचा नाही. जहाजाचं नाव त्या हुकमालाच चिकटलं.

हा हुकूम मालावर नाही, माणसावर बसतो. त्यानं धनकोला तारण मिळत नाही. पण नोटीस पोचली की बँकही खात्यातून पैसे सोडायला धजत नाही. मला त्याची खरी ताकद तिथेच दिसते.

आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत निकालापूर्वीची जप्ती आहे. मात्र वसुली बुडवण्यासाठीच मालमत्ता हलवली जातेय, हे आधी दाखवावं लागतं. विनातारण कर्जाला या वाटेनं तारणी कर्ज बनवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये बजावलं. ते पटतं, नाहीतर प्रत्येक सावकार दावा लावण्याच्या दिवशीच समोरच्याचं दुकान बंद पाडेल. पण पुरावा जमेपर्यंत पैसा थांबत नाही.

बँकांची कर्जं थकवणाऱ्या उद्योगपती विजय मल्ल्यांच्या प्रकरणात ते उघड झालं. न्यायालयाची मनाई असताना 4 कोटी डॉलर मुलांच्या नावे गेले. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये अवमान झाल्याचं ठरवलं, चार महिन्यांची शिक्षा सुनावली ती 2022 मध्ये. दरम्यान बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणानं जानेवारी 2017 मध्ये 6,203 कोटी आणि त्यावर साडेअकरा टक्के व्याज, असा निकाल दिला. तो घेऊन 13 भारतीय बँका लंडनला गेल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरच्या मालमत्तेवर मनाईहुकूम मिळवला. मारेवाचाच वारस. 2018 च्या मे महिन्यात न्यायमूर्ती हेनशॉ यांनी तो उठवायला नकार दिला. ज्या शहरात आपण मोजलेल्या भाड्यापायी हा हुकूम घडला, तिथेच बेचाळीस वर्षांनी तो आपल्या बँकांच्या कामी आला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि इथे मुंबईत? विलेपार्ल्याला विमानतळालगतचं, मल्ल्यांच्या विमानकंपनीचं किंगफिशर हाऊस. मार्च 2016 च्या पहिल्या लिलावात राखीव किंमत 150 कोटी होती. एकही बोली आली नाही. पुन्हा पुन्हा लिलाव पुकारले, आकडा खाली येत गेला. 2021 मध्ये ते 52 कोटी 25 लाखांना गेलं.