बेटावर मुक्काम का नाही?

गटाच्या सहलीसाठी अंदमानचं नाव निघालं, की सेल्युलर जेलपाठोपाठ जॉली बॉय बेटाचीही चौकशी होते. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "तिथं तंबू ठोकून एक रात्र राहता येईल का?" नाही येणार. का, ते आज सांगते.

जॉली बॉय बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. हे उद्यान १९८३ साली झालं. त्यात १५ बेटं आणि भोवतालचा समुद्र आहे. या समुद्रात प्रवाळ आहे. दिसायला दगड, पण ती बारीक जिवांनी बांधलेली वस्ती असते. प्रवाळाच्या काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. आपला एक पाय पडला, तर कित्येक वर्षांची वाढ मोडते. २०१० साली समुद्राचं पाणी तापलं आणि अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. पाणी थंड करणं आपल्या हातात नाही, पण पाय आणि कचरा आवरणं आहे. मुक्काम म्हटला की चूल, उजेड, सांडपाणी, कचरा सगळं आलं. म्हणून सकाळी जायचं आणि त्याच दिवशी परतायचं.

आता तयारी. श्री विजयपुरमपासून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) वंडूरचा धक्का साधारण ३० किलोमीटर आहे. तिथून बोट सुटते. वनखात्याचा परवाना आधी काढावा, आधार कार्ड जवळ ठेवावं. सोमवारी उद्यान बंद असतं. पावसाळ्यात जॉली बॉयऐवजी रेड स्किन बेट उघडं असतं. बेटावर दुकान नाही, म्हणून जेवण स्टीलच्या डब्यात न्यावं. धक्क्यावर पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पाण्याच्या साध्या बाटल्या नेता येत नाहीत. चालणारी बाटली तिथं अनामत भरून मिळते. ती परत केली की पैसे परत.

किनाऱ्याशी छोट्या बोटीत उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील, तर आधीच सांगून हात मागावा, लाजू नये. तळाला काच असलेल्या बोटीतून, पाण्यात न उतरताही प्रवाळ दिसतं. त्याचा तुकडा मात्र उचलायचा नाही. कायद्यानं ते संरक्षित आहे.

आणि मैत्रिणींनो, ही अनामतीची रीत आपल्या गावच्या जत्रेतही चालेल. बाटली परत, तर पैसे परत. हे काम एखाद्या गटानं नक्की हाती घ्यावं!