वरातीची घोडी थकल्यावर

घोडा नीट सांभाळला तर २५-३० वर्षं जगतो. वरातीत, टांग्याला मात्र तो त्याच्या कितीतरी आधीच निकामी ठरतो. मग पुढं?

आपल्या बीडमध्ये शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद म्हातारी, भाकड गुरं सांभाळतात. २०१९ ची पद्मश्री त्यांना त्यासाठीच. घोड्यांसाठी सांगली-सोलापूरकडं बघा. तिथं ‘ॲनिमल राहत’ ही संस्था थकलेल्या बैलांसोबत घोडे-गाढवंही कायमची सांभाळते.

गोशाळेत एक घोडा सहज मावेल, असं समजू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. बुरशी लागलेला कडबा किंवा एकदम वाढवलेला खुराक पोटात गेला की पोटशूळ, आणि तो जिवावर बेततो. उन्हाळ्यात दिवसाला ४० लिटर पाणीही लागू शकतं (बीडमध्ये, मे महिन्यात!). खुरं दर ६ ते ८ आठवड्यांनी कापावी लागतात. दाढा झिजून धारदार झाल्या तर पुढ्यात वैरण असूनही जनावर खंगतं.

आणि आत घेण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी हवीच. हा आजार माणसालाही होतो. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फतच पाठवा. पक्कं निदान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतं. अहवाल येईपर्यंत घोडा वेगळा बांधा, पाण्याची बादलीही वेगळी.