सदाफुलीची वाळवलेली फांदी

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यात दारोदारी फुलणारी सदाफुली मूळची आफ्रिकेजवळच्या मादागास्करची. ब्रिटिश काळातल्या वनस्पतिसंग्रहांत तिच्या कागदावर चिकटवलेल्या फांद्या असतात, त्यावर बहुधा 'विंका रोझिया' हे जुनं नाव. ते वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1759 मध्ये दिलं. आजचं नाव कॅथरँथस रोझियस. असे जुने नमुने पाहायचे तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम मोठं ठिकाण. स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांनी 1906 मध्ये ते सुरू केलं.

मला या कागदांवरची चिठ्ठी सगळ्यात मोलाची वाटते. गुलाबी पाकळी वाळली की फिकी पडते, म्हणून रंग लिहून ठेवावा लागतो. सोबत गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसेल तर उरतो तो निव्वळ पालापाचोळा!

मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून सदाफुलीची पानं अनेक देशांत वापरली जायची. तोच गुण तपासताना कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांना 1950 च्या दशकात कर्करोगावरचं औषध विनब्लास्टिन सापडलं, पुढे अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे अर्धा टन वाळलेली पानं लागतात.

शाळेतल्या सरांनो, मॅडम, मुलांकडून एक फांदी वर्तमानपत्रात दाबून घ्या. जोडशेंगा दिसू द्या, पावसाळ्यात कागद रोज बदला, चिठ्ठीवर 'कामठा, जि. गोंदिया' आणि तारीख लिहा. मात्र पानं चघळायची नाहीत, काढा तर मुळीच नाही. ती विषारी आहेत.