कोळशाच्या गावात लपवलेला डबा

लहानपणी लपंडाव आपण सारेच खेळलो आहोत. कोणी कणगीमागे दडायचे, कोणी गोठ्यात. आज सांगणार आहे तो खेळ त्याच जातीचा. मात्र यात माणसाऐवजी डबा लपतो आणि त्याचा पत्ता आकाशातून कळतो. या खेळाचे नाव जिओकॅशिंग.

आकाशातून कसा, म्हणाल? सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात व सतत संदेश धाडतात. आपल्या हातातला फोन निदान चार उपग्रहांचे संदेश टिपतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतरे काढतो आणि आपण उभे आहोत तेथले अक्षांश-रेखांश दाखवतो. पूर्वी अमेरिकन सरकार हे संदेश सामान्य लोकांसाठी मुद्दाम अस्पष्ट ठेवी. मे २००० च्या आरंभी ते बंधन उठले आणि लगोलग ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. येथून खेळ सुरू झाला.

खेळ कोठेही खेळता येतो. पण ज्या गावाचा धंदा बुडाला, त्या गावात त्याचे मोल अधिक कळते. दक्षिण वेल्समधील ब्लेनॅव्हन हे असेच डोंगराळ गाव. १७८९ मध्ये तेथे लोखंडाचा कारखाना निघाला. कोळसा, लोहखनिज, चुनखडी, सारे आसपासच्या डोंगरात! पिढ्यान् पिढ्या त्यावर जगल्या. पण १९८० मध्ये ‘बिग पिट’ ही खाण बंद पडली. १९८३ मध्ये ती पाहण्यासाठी खुली झाली आणि २००० साली, म्हणजे खेळ जन्मला त्याच वर्षी, हा परिसर जागतिक वारसा ठरला.

आता समजा, तुम्ही तेथे शोधाला निघाला आहात. पहिली खूण जुन्या शाळेपाशी. ही शाळा सारा हॉपकिन्स या बाईंनी भावाच्या स्मरणार्थ कामगारांच्या मुलांसाठी १८१६ मध्ये बांधली. त्या सालाचे आकडे टिपायचे. दुसरी खूण चर्चपाशी. तेथील बाप्तिस्म्याचे पात्रसुद्धा ओतीव लोखंडाचे! असे आकडे जमवून, बेरीज-वजाबाकी करून शेवटचे अक्षांश-रेखांश मिळतात. मग डबा सापडतो. आत काय? एक लहान वही. नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. मग काय मिळाले, असे विचाराल, तर वाटेत अख्खे गाव वाचून झाले, हे मिळाले.

बिग पिटमध्ये उतरताना मात्र काडेपेटीबरोबर फोनही बाहेर ठेवावा लागतो, कारण कोळशाच्या खाणीत वायू पेट घेण्याची भीती असते. शिवाय सुमारे ९० मीटर खाली उपग्रहांचा संदेश पोचणार तरी कसा? तेथे वाटाड्या लागतो तो माणूसच. एके काळी स्वतः खाणीत राबलेल्या माणसांनी तेथे पाहुण्यांना वाट दाखवली आहे. दिवे विझवायला सांगितले की, अंधार म्हणजे काय ते कळते. असे सांगणारे दिवसेंदिवस कमी होत जाणार. म्हणून ऐकून घेण्याची घाई हवी.

खेळाचे नियम साधे आहेत. जमीनमालकाची परवानगी घ्यावी, डबा पुरू नये, भिंतीचा दगड हलवू नये. जुन्या खाणीच्या तोंडाशी किंवा मातीच्या ढिगांवर तर कधीच जाऊ नये.

गुरुजी, बाई, हा खेळ तुमच्या गावीही बसवता येईल, बरं का! जुनी बारव, वेशीवरचा वीरगळ, पडकी गढी अशी तीन ठिकाणे निवडा. त्यांचे अक्षांश-रेखांश मुलांना द्या. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर, हे मुलांना चालून कळेल. आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न असा ठेवा की, त्याचे उत्तर फोनात नाही, गावातल्या एखाद्या आजोबा-आजींकडेच आहे. डबा पुढच्या वर्षीही सापडेल. ते उत्तर मात्र आजच विचारून ठेवायला हवे.